बोट आत घ्या

“बोट आत घ्या! पयले बोट आत घ्या, मंग सिलिंडर खाली ठेवा!”

सिलिंडरवाला गोंधळला. त्याच्या खांद्यावर भरलेलं सिलिंडर होतं आणि मोकळ्या हाताने कुंपणाजवळच्या वेलाकडे बोट करून त्याने फक्त एवढंच विचारलं होतं, “काका, ही काकडी का?” त्याने बोट आत घेतलं, म्हणजे मूठ मिटली. मग गावंडे काका शांत झाले, त्याच्याजवळ गेले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “कोवळं फळ हाय. सरळ बोट दाखोलं का सडते. दाखवाचंच असन त कोपर दाखवा.”

सिलिंडरवाल्याने कोपर दाखवलं. त्यासाठी त्याला सिलिंडरसकट अर्धं वळावं लागलं.

“ही काकडी का?”

“हाव. काकडी. फलाट तीन. परवा सुटते.”

हे सगळं मी वरच्या खिडकीतून पाहिलं. अकोल्यातल्या एका जुन्या लेआउटमध्ये आमचं घर आहे. बाबांची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही अमरावतीहून इथे आलो. आमचं घर आणि गावंडे काकांची बाग यांच्यामध्ये छातीइतक्या उंचीची एक भिंत आहे. मी एका कंपनीचं काम घरून करते आणि माझं टेबल त्या खिडकीला लागून आहे. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद असतो, माइकही. दिवसाचे आठ तास मी लोकांचं बोलणं ऐकते आणि काकांची बाग बघते.

मला बोलायला वेळ लागतो. वाक्य मनात नीट जुळून येईपर्यंत समोरच्या माणसाने विषय बदललेला असतो. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे मराठी बोललं की बाई रागवायच्या, आणि लग्नाकार्यात इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की सगळे मामा हसायचे. दोन्ही ठिकाणी गप्प बसणं सोयीचं होतं. म्हणून मी मान हलवते. मान हलवण्याचे माझे सात-आठ प्रकार आहेत. आईला ते सगळे कळतात, बाकीच्यांना दोन.

गावंडे काकांना एकही कळत नाही, पण त्यांचं काही अडत नाही. ते बत्तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होते. अमरावती, नांदगाव खंडेश्वर, मग अकोला. काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून त्यांनी हजारो लोकांना सूचना दिल्या आणि उलट उत्तर कोणाकडूनच अपेक्षिलं नाही. ती सवय माझ्या फार कामाची होती. मला ते ‘मॅडम’ म्हणतात, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे.

निवृत्त झाले त्या दिवशी बसस्टँडवरचा एक जुना काळा फळा टाकून देणार होते, तो काकांनी रिक्षात घालून घरी आणला. तो आता त्यांच्या व्हरांड्यात, फाटकातून वाचता येईल असा टांगलेला आहे. रोज सकाळी सहाला काका बागेत एक चक्कर मारतात आणि मग खडूने लिहितात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला फळा मला आठवतो. भेंडी, फलाट दोन, वेळेवर. गवार, फलाट चार, तीन दिवस लेट, कारण ऊन. दोडका, मांडवावर चढून राहिला. वांगे, फलाट पाच, जादा गाडी. शेवटच्या ओळीत सांबार, म्हणजे कोथिंबीर. उन्हाने ती फुलावर गेली होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘गाडी गेली.’

रस्त्यावरून जाणारा कोणी थांबून विचारतो, “काका, वांगे कधी निघतीन?” काका त्याच्याकडे न बघता म्हणतात, “चौकशी खिडकीवर या.” चौकशी खिडकी म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. तिथे शोभाकाकू असतात. काकू म्हणतात, “मले काय माहीत? मी काय ड्रायव्हर हाओ?”

बोटाचा नियम काकांच्या वडिलांपासून चालत आलेला आहे. बार्शीटाकळीकडे त्यांची वाडी होती आणि तिथे पोरांनी बोट दाखवलं की वडील बोटावर छडी मारत. काकांनी त्या नियमाला पोटनियम जोडले. भेंडी कणखर आहे, तिला वाकवलेलं बोट चालतं. काकडीला आणि दोडक्याला कोपर. टोमॅटोला हनुवटी. फाटकाला दोन्ही बाजूंनी लिहिलेला एक पुठ्ठा बांधलेला आहे, ‘प्रवाशांनी हात शरीराच्या आत ठेवावेत’. तो वाचून पोस्टमन पत्र फाटकाखालून सरकवतो.

आणि कूलर. कूलर बाहेरची हवा घरात फेकतो, हे वऱ्हाडात लहान मुलालाही माहीत असतं. गावंडे काकांकडे दोन कूलर आहेत. एक नियमाने वागतो. दुसरा जुना, लोखंडी, ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा, तो काकांनी अंगणात कडुलिंबाच्या सावलीत ठेवला आहे, तोंड वांग्यांकडे. मार्च संपता संपता त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात. दुपारी एक ते चार तो वांग्यांवर चालतो. नळ पाच दिवसांनी येतो, तरी कूलरच्या पाण्याला कधी कमी पडत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, भांड्यांचं दुसरं पाणी, सगळ्यांच्या वेगळ्या बादल्या आहेत आणि कोणती बादली कोणत्या फलाटावर जाते ते ठरलेलं आहे.

“चाळीस वर्स संसार केला,” शोभाकाकू एकदा भिंतीवरून आईला सांगत होत्या. “मले पयला कूलर भेटला एकोनीस वर्सांनी. या वांग्याले पयल्याच उन्हाळ्यात.”

“तुले पान्याची गरज नाई,” काका आतून म्हणाले. “तू कोमेजत नाईस.”

काकूंनी आईकडे पाहिलं. हे कौतुक होतं की नाही ते त्या ठरवत असाव्यात.

रोज संध्याकाळी साडेपाचला धोटे सर येत. दोन गल्ल्या सोडून चौथं घर त्यांचं. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, काकांचेच वर्गमित्र, बार्शीटाकळीच्या शाळेतले. एक गुडघा गेलेला, म्हणून डाव्या हातात काठी. फाटकातून आत येऊन ते फळ्यासमोर उभे राहत, वरपासून खालपर्यंत वाचत आणि मग बागेकडे वळत. एका जागी उभं राहून पाऊण तास बागेला आणि काकांना नावं ठेवत.

“काबे गावंडे, भेंडीले थंडी वाजून राहिली ना. स्वेटर आनू का एखादं?”

“मास्तर, फलाटावर गर्दी करू नको. मांगं सरक.”

“अन् आज म्हने त्या सिलिंडरवाल्याले कोपर दाखवाले लावलं. बोटातून काय किरनं निंघतात का बे?”

“तुह्या निंघत असन.”

“तीस वर्स सायन्स शिकोलं म्या!”

“म्हनूनच गावात इतके वकील झाले.”

सरांना हसू आलं की काठी जमिनीवर दोनदा आपटे. काकांना आलं तर ते पाठ फिरवून आळं नीट करत. मी तेव्हा मीटिंगमध्ये असे आणि टीममधलं कोणी विचारे, ‘तुझ्याकडे काही आवाज येतोय का?’ माझा माइक बंद असताना त्यांना कसा ऐकू येई, मला माहीत नाही.

या उन्हाळ्यात बागेत जी सगळ्यात मोठी गोष्ट घडणार होती ती म्हणजे कोहळं. म्हणजे इकडचा लाल भोपळा. चार वर्षं काका त्याच्या मागे होते. वेल वाढे, पिवळीजर्द फुलं येत, आणि फळ धरत नसे. यंदा गुढीपाडव्यानंतर भिंतीलगतच्या वेलावर, आमच्या बाजूला, एका फुलाखाली लिंबाएवढं कोहळं दिसलं. फळ्यावर ते सगळ्यात वर आलं, खडूने दोनदा गिरवून: ‘कोहळं, फलाट एक, येऊन राहिलं.’

फलाट एकचे नियम वेगळे होते. तिथे वाकडं बोट नाही, कोपर नाही, हनुवटीही नाही. बघायचं तर बाजूला बघत बघायचं. दुपारी काकांनी त्याच्यावर स्वतःची काळी छत्री उघडून बांधली. बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, एक पोतं भरून अंथरलं. त्यासाठी ते बार्शीटाकळीला साळ्याकडे जाऊन आले. काकू म्हणाल्या, “माह्या भावाच्या लग्नाले तुमी रजा नाई काहाडली. त्याच्याकडच्या भुसकटासाठी गेले.”

त्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी मी गच्चीवर होते. आई कुरडया घालत होती आणि मी सावलीला बसून, कानात हेडफोन घालून मीटिंग ऐकत होते. आईने कठड्यावरून खाली वाकून विचारलं, “कुठे आहे गं ते कोहळं? एवढं सगळे म्हणताहेत.”

मला सांगता आलं असतं. ‘छत्रीखाली, भिंतीपासून हातभर.’ माझा माइक बंद होता, माझ्याकडे कोणी काही विचारत नव्हतं. पण बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं असतं. मी दाखवलं.

“एवढंसंच?” आई म्हणाली. “मला वाटलं केवढं असेल.” आणि कुरडयांकडे वळली.

माझं बोट अजून हवेत होतं. सरळ. मी ते खाली घेतलं आणि इकडेतिकडे पाहिलं. काका बागेत नव्हते. कोणीच नव्हतं.

शनिवारी कोहळं पिवळं पडलं. रविवारी गळलं. काकांनी ते उचलून तळहातावर ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि कडुलिंबाच्या मुळाशी पुरलं. मग फळ्यापाशी गेले, ‘येऊन राहिलं’ हे शब्द पुसले आणि तिथे लिहिलं, ‘रद्द’.

साडेपाचला धोटे सर आले. फळा वाचला. मग बागेकडे वळले.

“कोनं बोट दाखोलं?” काकांनी विचारलं.

“कोनाले विचारून राहिला?”

“अठी दुसरं कोन हाय?”

“गावंडे, थे मादी फूल होतं. त्याले पराग भेटले नाईत. या उन्हात माशा येत नाईत. नर फूल तोडून त्याच्यावर टेकवाचं होतं, म्या तुले आठ दिवस आंधी सांगतलं होतं.”

“झाडाच्या घरच्या गोष्टीत मी पडत नाई. तू हे सांग, तू बोट दाखोलं का नाई?”

“मी?”

“तूच त म्हनते ना, बोटानं काही होत नाई. पाह्यलं असन करून. परयोग.”

मी खिडकीत होते. वरून मला सरांची पाठ दिसत होती. डाव्या हातात काठी, आणि उजवा हात पाठीमागे. त्या हाताची मूठ मिटलेली होती. ती रोजच मिटलेली असे. दोन वर्षं मी ते पाहत होते आणि मला वाटायचं, म्हातारपणी माणसं असा हात ठेवत असतील. त्या दिवशी ती मूठ उघडली. सरांनी हात पुढे आणला, आपल्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे तू मले म्हनून राहिला.”

“हाव.”

“बरं.”

सर फाटकाकडे निघाले. काकूंनी खिडकीतून आवाज दिला, “सर, चहा उकळला, घेऊन जा!” सर म्हणाले, “राहू द्या, वहिनी,” आणि पुठ्ठ्यावरची सूचना न वाचता फाटक उघडून गेले.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही.

मी इंटरनेटवर बघितलं. सरांचं बरोबर होतं. परागीभवन न झालेलं कोवळं फळ चार-पाच दिवसांत पिवळं पडून गळतं, उन्हाळ्यात जास्तच. म्हणजे मी निर्दोष होते. पण त्या हिशेबाने सरही निर्दोषच होते, आणि ते त्यांच्या काही उपयोगाला आलं नव्हतं. काकांच्या कोर्टात पराग चालत नव्हते. तिथे बोट लागत होतं. बोट माझ्याकडे होतं.

मी आईला सांगितलं. मान हलवून नाही, शब्दांत.

“मग?” आई म्हणाली. “त्यांना जाऊन सांगणार आहेस? दूधवाल्याला उद्या दूध नको हेसुद्धा तू चिठ्ठीवर लिहून देतेस. राहू दे. दोन म्हातारे आहेत, आज भांडतील, उद्या बोलतील.”

ते बोलले नाहीत. मी एक चिठ्ठी लिहून पाहिली. तिला ‘विषय: कोहळ्याबाबत’ असं शीर्षक आपोआप पडलं. फाडली. मग वाक्य पाठ केलं आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. काका म्हणाले, “बोला मॅडम, काय पायजे?” मी मान हलवली. त्यांनी पावशेर भेंडी तोडून माझ्या ओंजळीत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा भेंडी. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या आठवड्यात आमच्या घरी रोज भेंडी होती आणि बाबांनी विचारलं, “डॉक्टरांनी सांगितलंय का कोणाला?”

बाग मात्र नीट चालली होती. एप्रिल अर्धा सरला, पारा वर गेला, काकांनी मांडवावर हिरवी जाळी ताणली. गवारीने वेळ भरून काढली. दोडक्याला पहिली फुलं आली. फळ्यावर सगळं वेळेवर होतं. पण शेऱ्याची जागा रिकामी राहू लागली. ‘मांडवावर चढून राहिला’ असं काही नाही, नुसतं ‘दोडका, वेळेवर’. साडेपाचला काका हातपाय धुऊन फाटकापाशी येत, घड्याळ बघत, रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत आणि पावणेसहाला परत जात. एखादी गाडी आली नाही तर कंट्रोलर बघतो तसं, चेहऱ्यावर काही न आणता.

“मास्तराले शिव्या द्याले भेटून नाई राहिल्या,” काकू आईला म्हणाल्या, “म्हनून मले देऊन राहिले. अन् त्याईले तेवढ्या चांगल्या जमतई नाईत माह्यासोबत.”

आणखी एक गोष्ट मी खिडकीतून पाहिली. कूलरचं तोंड फिरलं होतं. आता तो वांग्यांवर चालत नव्हता. बागेच्या कोपऱ्यात एक वेल होता, ज्याला फलाटाचा नंबर नव्हता आणि ज्याचं नाव फळ्यावर कधीच आलं नव्हतं. भांडणानंतर चौथ्या दिवशी काकांनी कूलर ओढत त्या कोपऱ्याकडे नेला. वेल कारल्याचा होता.

कारल्याबद्दल काकांचं मत सगळ्या लेआउटला माहीत होतं. ते भाजीवाल्याला सांगत, “कारलं हे भाजी नाई, शिक्षा हाय.” काकूही खात नाहीत. मी आईला विचारलं, मग हे लावलं कोणासाठी? आईने काकूंना विचारलं. काकूंनी बोट न दाखवता, नुसती मान दोन गल्ल्यांपलीकडे वळवली. “मास्तरची शुगर हाय ना. दरसाल लावतात. मास्तरले सांगतात का आपोआप उगोलं.”

शनिवारी सकाळी काकूंनी भिंतीवरून आणखी एक बातमी दिली. धोटे सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नागपूरला, मुलीकडे. उद्याच निघायचं होतं. तीन-चार महिने तिकडेच, आणि मुलगी म्हणत होती की मग कायमचंच राहा. काका वांग्याचं आळं करत होते. बातमी संपेपर्यंत त्यांनी तेच आळं तीनदा केलं.

संध्याकाळी त्यांनी मला भिंतीपाशी बोलावलं. हातात कापडी पिशवी होती.

“मॅडम, हे कारले हायेत. फेकून द्या, नाईतर कोनाले देऊन टाका.”

“कोनाले म्हनजे कोनाले?” चौकशी खिडकीतून काकू म्हणाल्या. “सरळ सांगा ना पोरीले.”

“कोनालेई द्या,” काका माझ्याकडे न बघता म्हणाले. “दोन गल्ल्या सोडून चौथं घर हाय. तठी कोनी रायते म्हनते.”

मी पिशवी घेऊन गेले. धोटे सर पुढच्या खोलीत पलंगावर बसले होते. शेजारी एक्स-रेचं मोठं पाकीट, खाली भरलेली बॅग. सरांच्या पत्नी आत कोणाशी फोनवर बोलत होत्या. सरांनी पिशवीत हात घातला, एक कारलं काढलं, नखाने टोकरून वास घेतला.

“त्यानं पाठोले?”

मी मान हलवली. तिचा अर्थ ‘नाही, पण हो’ असा होता. सर शिक्षक होते, त्यांना कळला.

“यंदा चांगले भरले,” ते म्हणाले. मग कारलं परत पिशवीत ठेवलं. “पोरी, मी वर्गात पोराईले सांगत होतो, बोट दाखोल्यानं फळ सडत नाई, हे सगळं भाकड हाय. फळ्यावर चित्र काहाडून सांगत होतो. अन् त्याच्या बागेत पाय ठेवला का मूठ मिटत होतो. मांगं, पाठीमांगं. त्याले दिसू नये म्हनून. दिसलं असतं त डोक्यावर बसला असता ना. त्याच्या बापाची वाडी होती तवापासून मिटत आलो.”

माझ्या चेहऱ्यावर बहुतेक ‘का’ आलं असावं.

“त्याले भेव वाटते ना,” सर म्हणाले. “बोटाची गोष्ट खोटी हाय. पन त्याले भेव वाटते, थे त खोटं नाई.”

पिशवी पलंगाखाली ठेवत ते म्हणाले, “अन् थो म्हनते परयोग केला.”

मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि मला ऑपरेशनची सगळी माहिती सांगितली. किती वाजता भरती, कुठली भूल, किती वेळ. विज्ञानाच्या शिक्षकासारखी, क्रमाने. मध्येच एकदा म्हणाले, “बहात्तर वर्साचा हाओ, तसं काही होत नाई म्हनतात,” आणि पुढचा मुद्दा विसरले. काठी पलंगाला टेकवलेली होती, ती त्यांनी उचलून दुसऱ्या बाजूला टेकवली. मग परत पहिल्या बाजूला.

“सकाळी सव्वाआठची गाडी हाय,” ते म्हणाले. “तू जाय आता. अंधार पडते.”

मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आपली मूठ मिटलेली होती हे त्यांना माहीतच होतं.

परत आले तेव्हा गावंडे काका फाटकात उभे होते. हातात पाईप होता आणि पाणी चालू होतं. पाईपचं तोंड वांग्यांकडे नव्हतं, रस्त्याकडे होतं. नळ मंगळवारी येणार होता, आणि टाकीतलं पाणी रस्त्यावरून वाहत आमच्या फाटकापर्यंत गेलं होतं. काकूंना ते खिडकीतून दिसत होतं, पण त्या ओरडल्या नाहीत.

“घेतले?” काकांनी विचारलं.

मी मान हलवली.

“काही बोलला?”

मी उभी राहिले. माझ्याकडच्या सात-आठ प्रकारांत या प्रश्नाला लागू पडेल अशी मान नव्हती. काका थांबले होते. एवढा वेळ ते माझ्या उत्तरासाठी कधी थांबले नव्हते. पाईपमधून पाणी माझ्या चपलांवर येत होतं. वाक्य जुळलेलं नव्हतं, जुळण्याची मी वाट पाहिली, ते जुळेना, आणि मग मी ते तसंच बोलायला लागले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, खिडकीतल्या काकूंना आणि गच्चीवरच्या आईलाही ऐकू गेला.

“काका, कोहळ्याला बोट मी दाखवलं होतं. बुधवारी सकाळी, आमच्या गच्चीवरून. सरळ बोट. सरांनी नाही दाखवलं. सर तुमच्या बागेत मूठ मिटून उभे राहतात, रोज, पाठीमागे, तुम्हाला समोरून ती दिसत नाही, मला वरून दिसते. त्यांची उद्या सव्वाआठची गाडी आहे. आणि काका, त्यांना भीती वाटते आहे.”